डॉक्टर मोजायचे माप कोणाचे?

गोव्याच्या वैद्यकीय शिक्षणाविषयी बोलायला बसलो की आपले पहिले वाक्य ठरलेले असते. आशियातल्या अगदी जुन्या वैद्यकीय शाळांपैकी एक आपल्या पणजीत होती! वाक्य खरे आहे आणि ते म्हणताना छाती थोडी फुगली तर त्यात वावगे काही नाही. पण पुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या शाळेत जे शिकवत ते कशासाठी शिकवत? आणि तिथून बाहेर पडलेला मुलगा डॉक्टर झाला की नाही, हे कोण ठरवत होते?

मी पेशाने सरकारी कारकून, शिक्षणाने कला शाखेचा. वैद्यकातले मला तेवढेच कळते जेवढे औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या कोणाही माणसाला कळते. पण नियम, परिपत्रके आणि रकाने यांच्याशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे २०१९ साली देशभरच्या एमबीबीएसला नवा 'क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम' लागू झाला तेव्हा माझे कुतूहल चाळवले. डॉक्टरला काय माहीत असावे याऐवजी डॉक्टरला काय करता यावे, यावरून शिकवणे, पुस्तके आणि परीक्षा ठरवायच्या, अशी ती कल्पना. कागदावर नवी वाटते. आपल्या गोव्याच्या इतिहासात मात्र तिची पाळेमुळे चारशे वर्षे मागे जातात.

सुरुवात वैद्यांपासून करू. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात इथल्या हिंदू वैद्यांकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत. पोर्तुगीज अधिकारीसुद्धा आजारी पडले की या पंडितांना बोलावत. युरोपातून आलेले डॉक्टर थोडे, आणि इथले ताप त्यांना अनोळखी. मग १६१८ साली गोवा शहराच्या नगरसभेने नियम केला. मुख्य वैद्य म्हणजे फिझिको-मोर, किंवा मुख्य शल्यवैद्य, यांच्याकडून परीक्षा झाल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये, आणि परवाना मिळालेले हिंदू वैद्य तीसपेक्षा जास्त नसावेत.

या नियमाचे दोन भाग वेगळे करून पाहण्यासारखे आहेत. परीक्षा घ्या, हा भाग रोग्याच्या हिताचा म्हणता येईल. पण संख्या तीसच का? एकतिसावा वैद्य परीक्षेत उत्तम ठरला तर त्याचे काय? इथे क्षमता बाजूला राहिली आणि माणूस कोणाचा, हे माप पुढे आले. गोव्याच्या पुढच्या इतिहासात ही दोन मापे अशीच एकमेकांत गुंतलेली दिसतात.

शिकवण्याची नीट घडी बसवण्याचा एक मोठा प्रयत्न १८०१ साली झाला. फिझिको-मोर आंतोनियो जुझे द मिरांदा इ आल्मैदा यांनी वैद्यकाचा वर्ग सुरू केला. तो १८१५ पर्यंत चालला. नमुना होता कोइंब्रा विद्यापीठाचा. कोइंब्राची १७७२ साली मार्किश द पोंबाल याने सुधारणा केली होती. नुसती जुनी पोथी वाचून वैद्य होता येणार नाही, शरीररचना प्रत्यक्ष पाहिली पाहिजे, रोग्याच्या खाटेजवळ शिकले पाहिजे, हा त्या सुधारणेचा गाभा. आज ज्याला आपण उद्दिष्टाशी जुळणारे शिक्षण म्हणतो, त्याचे बीज इथे दिसते. करायचे काम रोग्याजवळचे, तर शिकवणेही रोग्याजवळ.

त्यानंतर ५ नोव्हेंबर १८४२ ही आपल्याला पाठ असलेली तारीख येते. त्या दिवशी एस्कोला मेदिको-सिरुर्जिका म्हणजे वैद्यक-शल्य शाळा पणजीत स्थापन झाली. नाव आणि आराखडा पोर्तुगालमधल्या शाळांवरून घेतलेला. लिस्बन आणि पोर्तो इथल्या अशाच शाळा १८३६ साली या नावाने उभ्या राहिल्या होत्या. आपली शाळा आधी गोव्यात सुरू झाली, लिस्बनची मोहोर तिच्यावर मागाहून उठली.

आता गंमत पाहा. नाव तेच, विषयही बरेचसे तेच, भाषा पोर्तुगीज. तरी इथून उत्तीर्ण झालेला डॉक्टर लिस्बनला गेला तर तिथे त्याची पदवी बरोबरीची धरत नसत. पोर्तुगालमध्ये डॉक्टरकी करायची तर तिथे पुन्हा शिकायचे, पुन्हा परीक्षा द्यायच्या. बाणावलीचे फ्रोइलानो द मेलो यांचेच उदाहरण घ्या. परजीवी जंतूंच्या अभ्यासात त्यांनी पुढे मोठे नाव केले आणि १९२२ पासून १९४५ पर्यंत आपल्या याच शाळेचे ते संचालक होते. त्यांनाही इथली पदवी घेतल्यावर पोर्तोला जाऊन पुन्हा पदवी घ्यावी लागली.

मात्र हीच पदवी मोझांबिकला चालत होती. अंगोलाला, गिनीला, तिमोरलाही चालत होती. पोर्तुगालच्या वसाहतींत आरोग्यसेवा चालवायला माणसे हवी होती आणि लिस्बनचे डॉक्टर तिथे जायला नाखूष असत. तेव्हा आपल्या सासष्टीचे, बार्देशचे आणि तिसवाडीचे तरुण बोटीत बसले. त्यांनी साथी हाताळल्या, लष्करी मोहिमांबरोबर फिरले, दूरच्या ठाण्यांवर एकट्याने इस्पितळे चालवली. सरकारी दफ्तरात त्यांचा दर्जा दुसरा होता. वरची जागा राजधानीतून आलेल्यासाठी राखून ठेवलेली.

इथे कारकुनाच्या मनात सरळ प्रश्न येतो. देवीची साथ आटोक्यात आणणे, मोडलेले हाड बसवणे, अडलेल्या बाईची सुटका करणे ही कामे हा माणूस मोझांबिकला करू शकतो, तर लिस्बनला का करू शकत नाही? रोग तर समुद्र ओलांडून बदलत नाही! एकोणिसाव्या शतकातल्या अहवालांत आपल्या शाळेतल्या साधनांच्या तुटवड्याच्या तक्रारी आहेत, आणि त्या खोट्या समजण्याचे कारण नाही. पण शिक्षण अपुरे असेल तर ते वसाहतीतल्या रोग्यासाठीही अपुरेच. तिथल्या रोग्याला पुरेसा आणि इथल्या रोग्याला अपुरा, असा डॉक्टर नसतो. ज्या मापाने हे ठरवले जात होते त्यात कामाला रकानाच नव्हता. होता तो जन्मगावाला आणि शाळेच्या पत्त्याला.

त्याच काळात मुंबईत काय चालले होते? आपल्या पेडण्यातल्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. त्याच तुकडीत आत्माराम पांडुरंग होते आणि गोमंतकीय वंशाचे जुझे कामिलो लिझबोआ होते. हे शिक्षण इंग्रजीतले. पण मुंबईत मराठीतून वैद्यक शिकवण्याचा प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता. १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक नेटिव्ह मेडिकल स्कूल सुरू झाले, त्यासाठी वैद्यकातली पुस्तके देशी भाषांत उतरवली गेली. ते १८३२ मध्ये बंद पडले. पुढे १८६१ साली ग्रँट कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. डॉ. सखाराम अर्जुन या वर्गाला शिकवत आणि त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तकेही लिहिली. १८७८ मध्ये पुण्यात मेडिकल स्कूल निघाले, तेच आजचे बी. जे.

या मराठी वर्गांतून तयार होणारा माणूस पूर्ण डॉक्टर मानला जात नसे. हॉस्पिटल असिस्टंट, पुढे परवानाधारक म्हणजे लायसेन्शिएट. पण तालुक्याच्या दवाखान्यात बसायचा तो हाच. ब्रिटिश मुलखात सगळीकडे हे चित्र होते. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, तिथे १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. बालाघाट जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता आणि त्यातल्या कटंगीसारख्या गावाला आधार वाटायचा तो नागपुरातून एल.एम.पी. होऊन आलेल्या डॉक्टरांचाच. मोझांबिकमधला आपला गोंयकार दोतोर आणि मध्य प्रांतातला हा एल.एम.पी., दोघांची जात एकच. कामाला पहिले, मानाला दुसरे.

पण मापाचा हा खेळ दुसऱ्यांवर खेळणाऱ्यांवर एकदा तो उलटला, तीही कथा सांगण्यासारखी आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या पदव्यांना ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल मान्यता देत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कौन्सिलने आक्षेप घेतला. इथल्या विद्यार्थ्यांना प्रसूतिशास्त्र पुस्तकातून येते, पण त्यांनी स्वतः बाळंतपणे पुरेशी केलेली नसतात. तपासणी करणारे आले, वाद वाढला, आमची तपासणी तुम्ही का करायची हा स्वाभिमानाचा प्रश्न झाला, आणि १९३० साली मान्यता गेली. देशभर संताप झाला. त्यातून १९३३ चा कायदा झाला आणि १९३४ मध्ये भारताची स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली.

संताप योग्यच होता. वसाहतीतल्या पदवीला वाकडे लावायची सवय लंडनला लिस्बनइतकीच होती. पण आक्षेपाचा मजकूर थोडा वेळ बाजूला काढून वाचा. विद्यार्थ्याने बाळंतपण स्वतः केले आहे का? हा प्रश्न कोणत्याही बाळंतिणीने विचारावा असाच आहे. माप धरणाऱ्याचा हेतू वाकडा असला तरी एखादे माप सरळ असू शकते. आणि आणखी एक गोष्ट. नव्या भारतीय कौन्सिलने पदवीधरांना जवळ केले तेव्हा लायसेन्शिएट मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहिले. जी वागणूक लंडनने आपल्याला दिली, तिचाच एक तुकडा आपण आपल्या माणसांना दिला. पुढे १९४६ च्या भोर समितीने दोन दर्जांचे डॉक्टर ही पद्धतच मोडून एकच 'बेसिक डॉक्टर' असावा असे सुचवले, आणि परवानाधारकांच्या शाळा हळूहळू महाविद्यालये झाल्या.

गोव्यात हे वारे १९ डिसेंबर १९६१ नंतर आले. १९६३ मध्ये एस्कोलाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, आपले गोमेकॉ. पदवी मुंबई विद्यापीठाची झाली. शिकवण्याची भाषा पोर्तुगीजची इंग्रजी झाली. म्हणजे पुस्तके बदलली, परीक्षा बदलल्या, दर्जा ठरवणारे दफ्तर लिस्बनहून मुंबईला आणि दिल्लीला गेले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाले तेव्हा पदवीवर गोव्याचे नाव आले. पुढे कॉलेज बांबोळीला गेले आणि मांडवीकाठची जुनी इमारत २००४ पासून चित्रपट महोत्सवाची झाली. इमारत आपल्याला आठवते, तिथे काय शिकवत ते नाही.

आता २०१९ कडे येऊ. मेडिकल कौन्सिलने २०१८ मध्ये अभ्यासक्रमाचे तीन खंड काढले, त्यात प्रत्येक विषयातल्या क्षमता क्रमांक घालून लिहिल्या. पुढे २०२० मध्ये कौन्सिलच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आले, पण अभ्यासक्रमाची ही दिशा कायम राहिली. २०२४ मध्ये त्यात सुधारणाही झाल्या. प्रत्येक क्षमतेपुढे एक पायरी लिहिलेली असते. माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. ही शिडी जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये मांडली होती. 

बाळंतपणाचेच उदाहरण घेतो, म्हणजे १९३० शी दुवाही लागेल. सामान्य बाळंतपण हे आता विद्यार्थ्याने करून प्रमाणित करून घ्यायच्या कौशल्यांत आहे. उद्दिष्ट असे लिहिले की बाकी सगळे त्याच्यामागे यायला हवे. प्राध्यापकाने प्रसूतीच्या अवस्थांवर तासभर भाषण दिले, पडद्यावर चाळीस चित्रे दाखवली, नोट्स वाटल्या आणि परीक्षेत 'टीप लिहा' असा प्रश्न घातला, तर उद्दिष्ट एका गावचे आणि शिकवणे दुसऱ्या गावचे झाले. तिथे आधी पुतळ्यावर हात बसायला हवा, मग वरिष्ठांच्या नजरेखाली प्रसूतिगृहात, आणि परीक्षा घ्यायची तर करून दाखव म्हणायला हवे. वाटलेल्या नोट्सही अशा हव्यात की त्या वाचून पुढच्या हाताच्या कामाची तयारी होईल. उद्दिष्ट, साहित्य आणि परीक्षा ही चुलीची तीन दगडं. एक खाली-वर झाला तर भांडे कलंडते.

कल्पना चांगली. माझी भीती वेगळी आहे, आणि ती माझ्या टेबलावरून आलेली आहे. ओळखीतल्या एका विद्यार्थ्याची लॉगबुक पाहायला मिळाली. क्षमतेचा क्रमांक, तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, अपेक्षेपेक्षा कमी की अपेक्षेइतके की जास्त, पूर्ण झाले की नाही, शिक्षकाची सही, विद्यार्थ्याची सही. रकाने पाहून मला घरी आल्यासारखे वाटले! सरकारी नोकरीत पाव शतक काढलेल्या माणसाला रकान्याचे दोन्ही गुण ठाऊक असतात. रकाना असला की काम विसरत नाही. आणि रकाना असला की काम न करताही झाल्यासारखे दिसते. वर्षअखेरीस पन्नास सह्या एका बैठकीत होतात तेव्हा कागद निर्दोष असतो. कागद जितका निर्दोष, तितकी मला शंका जास्त. तेव्हा १८४२ ते १९६१ पर्यंत जी चूक पत्त्याच्या रकान्याने केली, ती आता सहीच्या रकान्याने होऊ नये. पूर्वी काम करणाऱ्याला माप नाकारत होते, उद्या काम न करणाऱ्याला ते पास करील.

शेवटचा मुद्दा भाषेचा. तो मराठी वाचकांना जवळचा म्हणून शेवटी ठेवला. कोकणीत रोगी म्हणतो, "म्हाका बरें दिसना." याचा अर्थ मला बरे वाटत नाही. मराठी मुलखातून आलेला नवा विद्यार्थी हे ऐकून सरळ डोळ्यांकडे वळेल! उत्तरेतून आलेल्याला तर काहीच कळणार नाही. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही. नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा आहे, रोग्याशी संवाद ही स्वतंत्र क्षमता धरली आहे, आणि २०२२ पासून विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचे आहे. पोर्तुगीज काळात ज्याला कोणत्याच परीक्षेत गुण नव्हते, त्याला पहिल्यांदा मापात जागा मिळाली. मला यातला सर्वांत मोठा बदल हाच वाटतो.

मात्र स्थानिक भाषा म्हणजे कोणती, हे दूरच्या दफ्तरात ठरले की पुन्हा तोच घोटाळा. मघाशी कटंगीचे नाव आले. १९५६ च्या पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि त्याला लागून असलेला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्या सीमेवरच्या घरांतून मराठी बोलणारे आजही आहेत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तके हिंदीत प्रकाशित झाली: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. १८६१ च्या मराठी वर्गाची आठवण यावी अशी ही गोष्ट, आणि मी तिचे स्वागतच करतो. पण कटंगीच्या दवाखान्यात एखादी म्हातारी मराठीत आपले दुखणे सांगू लागली तर हिंदी पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक दोन्ही तिच्यापासून सारखीच दूर. पुस्तकाची भाषा विद्यार्थ्याच्या सोयीची असते. रोग्याची भाषा कानाने शिकावी लागते, आणि ती शिकली की नाही हे त्या म्हातारीशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून आपल्या जुन्या शाळेचा अभिमान धरताना मी एवढेच म्हणेन. तिचे मोठेपण स्थापनेच्या तारखेत थोडे आहे, आणि दुसऱ्या दर्जाचा शिक्का घेऊन पहिल्या दर्जाचे काम करणाऱ्या त्या दोतोरांत पुष्कळ आहे. त्यांना मोजायला त्या काळी योग्य माप नव्हते. आज निदान कागदावर तरी ते तयार आहे. बांबोळीला मुलगा किंवा मुलगी शिकत असेल तर सुट्टीत घरी आल्यावर गुण किती पडले हे विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा, बाये, या वर्षी स्वतःच्या हाताने काय काय केलेस?